हार्टेनश्टाइन, 'लॅकोनिया' आणि एकाच तारखेचे दोन कागद

दर्यावर्दी

जर्मन पाणबुड्यांचा विषय निघाला की गाडी प्रीन आणि क्रेत्श्मरच्या पुढे सरकत नाही. प्रीनने स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळात घुसून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली, क्रेत्श्मरने सगळ्यांत जास्त टनेज बुडवलं, झालं. वेर्नर हार्टेनश्टाइनचा नंबर त्या यादीत बराच खाली लागतो. वीसेक जहाजं, साधारण 97 हजार टन. पण युद्धानंतर न्युरेंबर्गच्या युद्धगुन्हे न्यायालयात जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख डोनिट्झ याच्यावर खटला चालला तेव्हा ज्या हुकमावरून मोठी वादावादी झाली, तो हुकूम या माणसाने समुद्रात जे केलं त्यामुळे निघाला. म्हणून हा धागा.

जन्म 1908 चा, सॅक्सनीतल्या प्लाउएनचा. युद्धाची सुरुवातीची वर्षं टॉर्पेडोबोटींवर गेली. मार्च 1941 मध्ये पाणबुडी दलात बदली झाली आणि सप्टेंबरमध्ये यू-156 त्याच्या हाती आली. ही नऊ-सी जातीची, 76 मीटर लांबीची मोठी पाणबुडी. पटकन डुबकी मारण्यात कमी, पण पोटात इंधन इतकं की फ्रान्सच्या लोरियाँ बंदरातून निघून कॅरिबियनमध्ये शिकार करून परत यावं.

पहिली मोठी कामगिरी तिथलीच. व्हेनेझुएलाच्या माराकाइबो सरोवरातलं कच्चं तेल उथळ पाण्यात चालणाऱ्या छोट्या टँकरांतून अरुबा आणि कुरसाव बेटांवर यायचं, तिथे शुद्ध व्हायचं. 16 फेब्रुवारी 1942 च्या मध्यरात्रीनंतर हार्टेनश्टाइन अरुबाच्या सान निकोलास बंदरासमोर पाण्यावर आला. टॉर्पेडोंनी दोन टँकर पेटवले आणि मग रिफायनरीवर डेकवरची तोफ चालवायचा हुकूम दिला. पाणबुडीच्या तोफेच्या तोंडाला एक बूच असतं, पाण्याखाली असताना नळीत पाणी जाऊ नये म्हणून. ते काढायचं राहिलं. पहिलाच गोळा नळीत फुटला. एक खलाशी मेला आणि तोफेवरच्या अधिकाऱ्याचा पाय गेला. त्याला पुढे मार्टिनिक या फ्रेंच बेटावर उतरवावं लागलं. रिफायनरी वाचली.

एखादा कप्तान इथे तोफेचा नाद सोडून देता. याने खलाशांना हॅक्सॉ दिल्या आणि फाटलेला तोंडाकडचा भाग कापून काढायला लावला. बोटभर पातं आणि तोफेचं पोलाद. सुमारे 40 सेंटिमीटरने आखूड झालेली ती तोफ घेऊन त्याने महिना संपायच्या आत दोन जहाजं बुडवली. नेम कितपत लागत असेल देवास ठाऊक. जवळ जाऊन मारत असणार. मला या माणसाचा स्वभाव कळतो तो इथे. हातात आहे त्यात भागवायचं, आणि वरून हुकूम येईपर्यंत थांबायचं नाही.

आता सप्टेंबर 1942. 'आइसबेअर' नावाच्या तुकडीबरोबर तो केपटाउनकडे निघाला होता. 12 तारखेला रात्री दहाच्या सुमारास, दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाच्या ईशान्येला, त्याने एका मोठ्या जहाजावर टॉर्पेडो सोडले. ते जहाज 'लॅकोनिया', क्युनार्ड कंपनीचं, जवळपास 20 हजार टनांचं, युद्धासाठी तोफा बसवलेलं. सुएझहून निघून आफ्रिकेला वळसा घालत इंग्लंडला चाललेलं. वर सुमारे 2,700 माणसं: ब्रिटिश सैनिक, खलाशी, बायकामुलं, आणि तळातल्या कोठारांत कोंडलेले 1,800 च्या आसपास इटालियन युद्धकैदी. त्यांच्यावर पहारा पोलिश सैनिकांचा. टॉर्पेडो नेमके कैद्यांच्या भागात फुटले. जगलेल्या इटालियनांनी नंतर सांगितलं की दारं उघडली नाहीत, आणि जे कसेबसे वर पोचले त्यांना संगिनींनी होड्यांपासून दूर ठेवलं.

हार्टेनश्टाइन पाण्यावर आला तो जहाजाचा कप्तान आणि मुख्य इंजिनियर पकडायला. तशी रीतच होती. त्याला ऐकू आल्या इटालियनमधल्या हाका. म्हणजे मित्रराष्ट्राची माणसं आपणच बुडवली. त्याने त्यांना उचलायला सुरुवात केली. मग ब्रिटिशांना. मग बायकांना. सकाळपर्यंत 193 माणसं पाणबुडीवर होती. 13 तारखेला सकाळी सहाच्या सुमारास त्याने उघड, बिनसांकेतिक इंग्रजीत रेडिओवर सांगितलं: कुठलंही जहाज 'लॅकोनिया'च्या लोकांना वाचवायला आलं तर मी हल्ला करणार नाही, अट एवढीच की माझ्यावर जहाजाने किंवा विमानाने हल्ला होऊ नये. खाली स्वतःचा ठावठिकाणा. पाणबुडीचा कप्तान जी गोष्ट मरेस्तोवर लपवतो, ती.

डोनिट्झने यू-506 आणि यू-507 मदतीला वळवल्या, 'कापेलिनी' ही इटालियन पाणबुडी निघाली, डाकारकडून व्हिशी फ्रेंचांच्या (जर्मनीशी तह केलेल्या फ्रेंच सरकारच्या) युद्धनौका निघाल्या. 16 तारखेला दुपारच्या आधी अमेरिकन लिबरेटर बाँबफेकी विमान आलं. यू-156 च्या मागे दोरांना होड्या बांधलेल्या, डेकवर माणसं, तोफेवर रेडक्रॉसचा मोठा कपडा पसरलेला. पाणबुडीवरच्या एका ब्रिटिश हवाईदल अधिकाऱ्याने दिव्याने मोर्समध्ये कळवलं की इथे सैनिक, नागरिक, बायका, मुलं आहेत. विमान निघून गेलं, असेन्शनच्या तळाला विचारलं, उत्तर आलं: पाणबुडी बुडवा. तासाभरात परत येऊन त्याने बाँब टाकले. एक बाँब होड्यांच्या मधोमध पडला.

हार्टेनश्टाइनने दोर तोडले, डेकवरच्यांना पाण्यात उतरायला सांगितलं, सावकाश खाली गेला. 17 सप्टेंबरला त्याला नाइट्स क्रॉस जाहीर झाला. त्याच 17 सप्टेंबरला डोनिट्झने सगळ्या पाणबुड्यांना हुकूम काढला की बुडालेल्या जहाजावरच्या लोकांना वाचवायचे सगळे प्रयत्न बंद. पोहणाऱ्यांना उचलायचं नाही, उलटलेली होडी सरळ करायची नाही, अन्नपाणी द्यायचं नाही.

पदक मिळालं ते बुडवल्याबद्दल. हुकूम निघाला तो वाचवल्यावर. या माणसाला कुठल्या खान्यात टाकायचं, यावर मतं हवी आहेत.

---

मुक्काम_पोस्ट

पोच. सावकाश वाचून लिहितो.

---

अटकेपार

जबरदस्त लिहिलंय. न्युरेंबर्गला जर्मन उभे, आणि बाँब टाकणाऱ्यांचं काय? जिंकला तो साव, हरला तो चोर. अमेरिकनांनी बाँब टाकला नसता तर हा हुकूम निघालाच नसता आणि पुढे हजारो खलाशी वाचले असते.

---

आडकित्ता

@अटकेपार, शेवटचं वाक्य तपासून घ्या. 'बाँब पडला म्हणून जर्मन निर्दय झाले' ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण 1939 च्या अखेरीसच डोनिट्झचा 154 क्रमांकाचा आदेश निघालेला आहे. त्यात साफ लिहिलंय: कुणाला वाचवायचं नाही, कुणाला पाणबुडीवर घ्यायचं नाही, जहाजाच्या होड्यांची फिकीर करायची नाही. 'लॅकोनिया'च्या तीन वर्षं आधी. हा आदेश न्युरेंबर्गला पुराव्यात होता.

1942 चा हुकूम नवा होता तो स्वरात. 'कठोर व्हा, शत्रू आपल्या शहरांवर बाँब टाकताना बायकामुलं बघत नाही' असं शेवटी जोडलेलं आहे. पहिल्या आदेशात हिशेब होता की थांबाल तर मराल. दुसऱ्यात चीड आहे.

---

दर्यावर्दी

@आडकित्ता, सहमत. 154 मूळ लेखात घ्यायला हवा होता, पण लांबी वाढत चालली होती. त्यात भर अशी की आदेश असूनही अधूनमधून कप्तान होडीजवळ जाऊन जमिनीची दिशा सांगत, पाणी, ब्रेड, सिगरेटी देत. ते चालवून घेतलं जात होतं. 1942 च्या हुकमाने ती फट बुजवली.

---

शिडाची_होडी

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, म्हणून दोन गोष्टी.

एक, टो करण्याबद्दल, म्हणजे होड्या दोराने ओढून नेण्याबद्दल. लोकांना वाटतं दोर बांधला की होड्या मागे येतात. भरलेली लाइफबोट लाटेवर एकदा पुढे धावते, दोर सैल पडतो. मग मागे राहते आणि दोराला असा हिसका बसतो की तुटतो किंवा होडीचा कडा उखडतो. चार होड्या एकामागे एक म्हणजे चारपट भानगड. इंजिन जेमतेम चालवायचं आणि मागे एक माणूस सतत दोरावर डोळा ठेवून उभा. हे त्यांनी दोन-तीन दिवस केलं.

दुसरं, डेकवर माणसं असताना पाणबुडीला डुबकी मारता येत नाही. मारली तर ती सगळी पाण्यात. आणि पन्नासएक माणसांच्या पाणबुडीत दोनशे जादा कोंबली की आतला तोल पार बदलतो. विमान दिसल्यावर नेहमीची पाणबुडी अर्ध्या-पाऊण मिनिटात गायब होते. याला ती सोय नव्हती. शिवाय बाँबने बॅटऱ्यांना धक्का बसला होता. बॅटरीत खारं पाणी शिरलं की क्लोरीन होतो, बंद नळकांड्यात क्लोरीन म्हणजे संपलं. तरीही तो आधी माणसं उतरवून मग सावकाश खाली गेला. याचे मार्क द्यायलाच हवेत.

---

मुक्काम_पोस्ट

वाचलं. प्रश्न: शेवटी वाचले किती?

---

दर्यावर्दी

जवळपास 1,100. गेले 1,600 हून जास्त, त्यात बहुतेक इटालियन कैदी, म्हणजे ज्यांच्या हाकांमुळे हे सगळं सुरू झालं तेच. वाचलेल्यांना मुख्यतः 'ग्लॉआर' या फ्रेंच क्रूझरने उचललं. ब्रिटिशांना मोरोक्कोत नजरकैदेत ठेवलं. नोव्हेंबरात दोस्तांचं सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरल्यावर सुटले.

दोन होड्या मात्र फ्रेंचांना सापडल्या नाहीत. एकीत 68 जण होते, ती 27 दिवसांनी लायबेरियाच्या किनाऱ्याला लागली तेव्हा 16 जिवंत. त्यांतली एक नर्स डोरिस हॉकिन्स. ती ज्या 14 महिन्यांच्या मुलीला इंग्लंडला नेत होती ती पहिल्याच रात्री होडी उलटून तिच्या हातून गेली होती. दुसऱ्या होडीत 52, चाळीस दिवसांनी ब्रिटिश ट्रॉलरला दिसली तेव्हा चार.

'लॅकोनिया'चा कप्तान रुडॉल्फ शार्प जहाजाबरोबर गेला. हाच माणूस 1940 मध्ये 'लँकास्ट्रिया'चा कप्तान होता. सेंट नाझेरला ती बुडाली तेव्हा हजारो मेले आणि हा वाचला होता.

---

स्पष्टवक्ती

सगळ्यांचं कौतुक वाचून झालं, आता थोडं कडू. जहाज बुडवलं कुणी? घर पेटवून मग दोन बादल्या पाणी आणणाऱ्याला आपण अग्निशमन दलाचं पदक देत नाही. 16 तारखेला बाँब पडला आणि 19 ला यू-156 ने 'क्वेबेक सिटी' हे ब्रिटिश मालवाहू जहाज बुडवलं. तीन दिवसांत धंदा पुन्हा सुरू. नाझी राजवटीसाठी लढणाऱ्या माणसाला 'सभ्य शत्रू' म्हणून सजवायची जुनी खोड आहे, युद्धानंतर ब्रिटिश आणि अमेरिकन लेखकांनीही ती भरपूर जोपासली. मराठीत तरी नको.

---

अटकेपार

@स्पष्टवक्ती, युद्धात जहाज बुडवणं हा गुन्हा नाही हो. तोफा लावलेलं जहाज होतं. अमेरिकन पाणबुड्यांनी जपानी जहाजं काय फुलं वाहून बुडवली?

---

कलम_आणि_पोटकलम

कायद्याच्या अंगाने, कारण इथे दोन वेगळे मुद्दे एकत्र होताहेत.

'लॅकोनिया' सशस्त्र होती, सैन्य वाहत होती. तिच्यावर हल्ला कायदेशीर. त्यावर न्युरेंबर्गलाही वाद नव्हता.

वाचवण्याबद्दल: 1907 च्या हेग करारात आहे की लढाईनंतर लष्करी गरजा परवानगी देतील तितपत दोन्ही बाजूंनी बुडणाऱ्यांना शोधावं. 'तितपत' या शब्दात पाणबुडी काय, सगळं आरमार मावतं. 1936 च्या लंडन प्रोटोकॉलने मात्र पाणबुड्यांनाही व्यापारी जहाजाच्या माणसांना सुरक्षित जागी पोचवायचं बंधन घातलं होतं आणि जर्मनीने तो मान्य केला होता.

विमानाबद्दल: रेडक्रॉसचा कपडा पसरल्याने पाणबुडी इस्पितळ-जहाज होत नाही. ती लढाऊच राहते. पण होड्यांतली माणसं बुडीत होती, त्यांना संरक्षण होतं, आणि ती आहेत हे वैमानिकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या मते खरी अडचण ती.

डोनिट्झचं म्हणाल तर न्यायालयाने त्या हुकमाला 'संदिग्ध' म्हटलं, कडक ताशेरे ओढले, पण बुडणाऱ्यांना ठार मारा असा त्याचा अर्थ सिद्ध झाला नाही असं धरलं. अमेरिकेच्या पॅसिफिक आरमाराचा प्रमुख ॲडमिरल निमिट्झने लेखी उत्तर दिलं होतं की अमेरिकेने पॅसिफिकमध्ये पहिल्या दिवसापासून अनिर्बंध पाणबुडीयुद्ध (इशारा न देता व्यापारी जहाजं बुडवणं) केलं. त्यामुळे दहा वर्षांची शिक्षा पाणबुडीयुद्धाच्या नियमभंगावर बेतलेली नाही असं निकालात नमूद आहे.

---

आडकित्ता

छान. पण या हुकमावरून डोनिट्झ सुटला तिथे खालचा अडकला. कीलच्या पाचव्या फ्लोटिलाचा (पाणबुड्यांच्या ताफ्याचा) प्रमुख म्योले नवीन कप्तानांना निघण्यापूर्वी हुकूम समजावून सांगायचा. थेट शब्दांत 'मारा' न म्हणता उदाहरणं अशी द्यायचा की ऐकणाऱ्याने समजून घ्यावं. त्याला ब्रिटिश लष्करी न्यायालयाने पाच वर्षं दिली.

आणि समजून घेणारा एक निघालाच. मार्च 1944, यू-852, कप्तान हाइन्झ-विल्हेल्म एक (Eck). 'पेलेउस' हे ग्रीक जहाज बुडवल्यावर पाण्यातल्या तराफ्यांवर आणि माणसांवर मशीनगन चालवली. पुढे सोमालियाच्या किनाऱ्यावर पाणबुडी अडकली, सगळे पकडले गेले, नोव्हेंबर 1945 मध्ये हाम्बुर्गला त्याला गोळी घातली. बचाव असा की अवशेष नष्ट करत होतो, विमानांना माग लागू नये म्हणून. 'लॅकोनिया'चं उदाहरण त्यानेही पुढे केलं होतं. हार्टेनश्टाइनच्या माणुसकीचा असाही वापर.

---

कोकणकडा

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. या सगळ्या गोष्टीत जर्मन, इंग्रज, इटालियन, पोलिश, अमेरिकन सगळे आले. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये कोळसा ओढणारे, डेकवर राबणारे आपले लोक हजारोंनी होते. रत्नागिरीकडचे खलाशी, गोव्याचे स्टुअर्ड आणि आचारी, सिल्हेटचे आगवाले. कागदोपत्री सगळे 'लास्कर'. पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांवर तेही गेले.

'सिटी ऑफ बनारस' बहुतेकांना ठाऊक असते ती इंग्रज मुलांमुळे. सप्टेंबर 1940 मध्ये यू-48 च्या ब्लाइखरोटने बुडवली, कॅनडाला पाठवलेल्या 90 मुलांपैकी 77 गेली. त्याच जहाजावर मोठा लास्कर वर्ग होता, उघड्या होड्यांत थंडीने गारठून मेला. नाइट्स क्रॉस ब्लाइखरोटलाही मिळाला, पुढच्याच महिन्यात.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या अविभाजित भारताच्या खलाशांच्या नावांचं पुस्तक आहे. त्यात व्यापारी जहाजांवरचेच सहा हजारांच्या आसपास. कबर नाही, म्हणून पुस्तक. त्या बाजूला जाणं झालं तर बघा.

---

स्पष्टवक्ती

@कोकणकडा, हा प्रतिसाद मूळ लेखाइतकाच मोलाचा. ब्लाइखरोटला आत मुलं आहेत हे ठाऊक होतं का?

---

कोकणकडा

नाही. जहाजावर तशी काही खूण नव्हती, अंधार करून चाललं होतं. युद्धानंतर ब्रिटिशांनी त्याची चौकशी केली, दोष सिद्ध झाला नाही.

---

दर्यावर्दी

@स्पष्टवक्ती, तुमच्या कडू प्रतिसादाला उत्तर देणं लागतो.

हार्टेनश्टाइन संत नव्हता. पहिल्या तासाला त्याने उचलले ते इटालियन, कारण मित्रराष्ट्राचे कैदी मारल्याचा बोभाटा बर्लिन-रोममध्ये झाला असता. इथवर तो धोरणीपणा मानू. पण इंग्रजांना का उचललं? आणि इंग्रजीत रेडिओ का लावला? त्याची सोय बघता त्याने इटालियन घ्यावेत आणि निघावं. त्यासाठी ब्रिटिशांना स्वतःची जागा सांगायची गरज नव्हती.

मला तो आणि आखूड तोफवाला एकच माणूस दिसतो. समोर काम पडलं की करायचं, मग ते नळी कापायचं असो, होड्या ओढायचं असो नाहीतर 'क्वेबेक सिटी' बुडवायचं. त्याच्यात अंतर्विरोध होता असं मला वाटत नाही. अंतर्विरोध शोधतो आपण, कारण आपल्याला चांगला किंवा वाईट यांतला एकच हवा असतो.

तुमच्या बाजूचा याहून जोरदार मुद्दा मीच देतो. यू-507 चा शाख्त. 'लॅकोनिया'च्या बचावात त्याने शेकडो माणसं सांभाळली. त्याच्या बरोबर महिनाभर आधी, ऑगस्ट 1942 मध्ये, याच शाख्तने ब्राझीलच्या किनाऱ्यावर दोन-तीन दिवसांत पाच जहाजं बुडवली होती, बहुतेक प्रवासी भरलेली, 600 च्या आसपास माणसं मेली. ब्राझील तोवर युद्धात नव्हता. 22 ऑगस्टला उतरला. हार्टेनश्टाइनपेक्षा शाख्त पचवणं अवघड आहे.

---

शिडाची_होडी

हार्टेनश्टाइनचा शेवट कुणी लिहिला नाही अजून.

---

दर्यावर्दी

8 मार्च 1943, बार्बाडोसच्या पूर्वेला. अमेरिकन नौदलाच्या कॅटलिना विमानाने यू-156 ला पाण्यावर गाठलं. पाणबुडी तुटली. पाण्यात दहा-अकरा माणसं दिसली. वैमानिकाने त्यांच्यासाठी रबरी तराफा आणि खाण्याची पाकिटं टाकली, काही जण तराफ्यावर चढलेले त्याने पाहिले. नंतर 'बार्नी' ही विनाशिका शोधायला पाठवली गेली. कुणी सापडलं नाही. पाणबुडीवरचे सगळे, 53 जण, मृत धरले गेले. हार्टेनश्टाइन तेव्हा 35 वर्षांचा होता. बचावातले इतर दोन जर्मन कप्तानही त्याच वर्षी गेले, शाख्त जानेवारीत, यू-506 चा व्युर्डेमान जुलैत.

---

अटकेपार

म्हणजे या अमेरिकनाने तराफा टाकला, त्या अमेरिकनाने बाँब. त्या दुसऱ्याचं पुढे काय झालं?

---

दर्यावर्दी

वैमानिक हार्डन आणि त्याच्या सोबत्यांना पाणबुडी बुडवल्याबद्दल पदकं मिळाली. पाणबुडी बुडालीच नव्हती. हुकूम देणारा रिचर्डसन तेव्हा नुसता कॅप्टन होता, हवाईदलातून ब्रिगेडियर जनरल म्हणून निवृत्त झाला. त्याचं म्हणणं शेवटपर्यंत हेच की असेन्शनची धावपट्टी नवी होती, गुप्त होती, आफ्रिकेकडे जाणाऱ्या विमानांचा सगळा भार तिच्यावर होता, आणि जवळ फिरणारी शत्रूची पाणबुडी तशीच सोडणं शक्य नव्हतं. खटला कुणावरच झाला नाही.

---

कलम_आणि_पोटकलम

त्याच्या बाजूने एवढं म्हणता येईल की हार्टेनश्टाइनच्या संदेशाची नीट माहिती असेन्शनपर्यंत पोचलीच नव्हती. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनच्या ब्रिटिशांना तो डाव वाटला, त्यांनी पुढे कळवलं ते अर्धवट. पण विमानाने विचारलं तेव्हा होड्या आहेत हे त्याला कळलं होतं. त्यामुळे माहिती नव्हती हा बचाव अर्ध्या वाटेपर्यंतच जातो.

---

मुक्काम_पोस्ट

शाख्त आणि ब्राझीलवर वेगळा धागा काढा. तिथल्या दंगलींबद्दल वाचायला आवडेल.

---

आडकित्ता

+१. आणि त्यात डोनिट्झने शाख्तला परवानगी कुठल्या शब्दांत दिली होती तेही येऊ द्या.

---

दर्यावर्दी

काढतो. इथे ब्राझीलवर नको, फाटे फुटतील. हा धागा 'लॅकोनिया'पुरताच ठेवू.